स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील निद्राविकार आणि यंत्राची मदत : एक अभ्यास

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणीचा विसराळूपणा, असा समज आपल्या समाजात अद्याप रूढ आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांचा अनुभव मात्र निराळा असतो. नावे विसरणे, तेच तेच विचारणे हे कुटुंब सांभाळून घेते; कुटुंबाला खऱ्या अर्थाने थकवते ती रात्र. रुग्ण मध्यरात्री उठून दाराची कडी काढू लागतो, कपाटातील कपडे बाहेर काढून ठेवतो, झोपेत ओरडतो किंवा हातपाय झाडतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर पेंगत राहतो. त्याच्यासोबत घरातील आणखी एका माणसाची झोप कायमची मोडते. बाह्यरुग्ण विभागात अशा कुटुंबांची पहिली मागणी बहुधा एकच असते : "डॉक्टर, यांना झोपेचे काहीतरी औषध द्या."

ही मागणी पूर्णपणे समजण्याजोगी आहे. परंतु झोप कशामुळे मोडते हे कळण्यापूर्वी दिलेली झोपेची गोळी वृद्ध रुग्णाला अपायकारक ठरू शकते. तिच्यामुळे तोल जाऊन पडण्याचे, खुब्याचे हाड मोडण्याचे आणि गोंधळलेपण वाढण्याचे प्रमाण वाढते, हे वैद्यकशास्त्रात सुस्थापित आहे. म्हणून निदान आधी आणि औषध नंतर, हा क्रम येथे विशेष महत्त्वाचा आहे. हे निदान सुलभ करण्यासाठी 'मशिन लर्निंग' अर्थात यंत्राला उदाहरणांवरून शिकविण्याचे तंत्र उपयोगी पडेल काय, याचा अभ्यास गेल्या काही वर्षांत अनेक देशांत झाला आहे. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने वर्तविला. हा आकडा पाहता या अभ्यासाची ओळख आपल्या देणगीदारांना, हितचिंतकांना व रुग्णांच्या नातेवाइकांना व्हावी, असे आम्हांस वाटते. आम्ही व्यवस्थापनाच्या बाजूने काम करणारी माणसे आहोत. त्यामुळे हा विषय आम्ही औषधोपचाराच्या नव्हे, तर साधने, खर्च आणि उपयोग यांच्या अंगाने मांडला आहे.

एक तक्रार, कारणे अनेक

'रात्री झोपत नाहीत' या तीन शब्दांमागे किमान तीन निरनिराळे विकार दडलेले असू शकतात.

पहिला विकार म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबणे, ज्यास 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. घशाचा मार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात अल्झायमरच्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये हा विकार आढळून आला. अशा रुग्णाला गुंगीचे औषध दिल्यास श्वासाचा अडथळा अधिक वाढण्याचा धोका असतो. उलटपक्षी या विकारावर उपचार आहे. हवेचा दाब देऊन श्वासमार्ग खुला ठेवणारे 'सी-पॅप' यंत्र अल्झायमरच्या ५२ रुग्णांना देऊन केलेला एक अभ्यास अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांच्या वापरानंतर बौद्धिक चाचण्यांत काहीशी सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता, तरीही मूळ आजार बरा होत नसताना त्यावरील एक ओझे उतरविता येते, हे त्यातून सूचित झाले.

दुसरा विकार स्वप्नावस्थेतील झोपेचा आहे. या अवस्थेत डोळे वेगाने हलतात, परंतु शरीराचे स्नायू निसर्गतःच शिथिल झालेले असतात. ही शिथिलता नाहीशी झाली की माणूस स्वप्नातील कृती प्रत्यक्ष करू लागतो. ओरडतो, ठोसे मारतो, पलंगावरून पडतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉ. शेंक व डॉ. महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. २०१९ मध्ये २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा व्यक्तींपैकी सुमारे ७३ टक्क्यांना १२ वर्षांच्या काळात पार्किन्सन किंवा त्याच्याशी नाते असलेला स्मृतिभ्रंश होण्याचा संभव आढळला. 'ल्युई बॉडी' प्रकारच्या स्मृतिभ्रंशाच्या निदानात २०१७ पासून या विकारास प्रमुख लक्षणाचे स्थान आहे. हे जाणून घेणे निकडीचे अशासाठी की, या प्रकारच्या रुग्णांना भ्रम व आक्रमकता यांवर दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधे तीव्र अपाय करू शकतात. रात्रीचे ओरडणे हा 'स्वभाव' समजून दिलेले औषध येथे जिवावर बेतू शकते.

तिसरा विकार दिवस-रात्रीच्या चक्राचा. शरीराचे घड्याळ चालविणारा मेंदूतील लहानसा भाग या आजारात क्षीण होतो. त्यात रुग्ण दिवसभर बंद खोलीत राहिला, तर सूर्यप्रकाशाची खूणही त्याला मिळत नाही. मग झोप चोवीस तासांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरली जाते.

याखेरीज वेदना, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पायांची अस्वस्थता ही साधी कारणेही असतातच. रुग्ण ती सांगू शकत नाही, हीच खरी अडचण आहे. निद्राविकाराच्या निदानाचा पहिला आधार म्हणजे रुग्णाचे स्वतःचे कथन. स्मृतिभ्रंशात नेमका तोच आधार नाहीसा होतो.

झोप मोजण्याची प्रचलित रीत

जर्मनीतील येना येथील डॉ. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद घेतली. १९५३ मध्ये शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी स्वप्नावस्थेतील झोप वेगळी असल्याचे दाखवून दिले. १९६८ मध्ये झोपेच्या अवस्था ओळखण्याची प्रमाण नियमावली तयार झाली आणि २००७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. या रीतीस 'पॉलिसोम्नोग्राफी' म्हणतात. रुग्णाच्या डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर व पायांवर तारा चिकटवितात. नाकाशी नळी, छातीभोवती पट्टा आणि बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी लावतात. मग रात्रभराच्या नोंदीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून तंत्रज्ञ प्रत्येक तुकड्याला अवस्थेचे नाव देतो. आठ तासांच्या एका रात्रीचे असे ९६० तुकडे होतात.

ही चाचणी प्रमाण मानली जाते. तथापि तिच्या तीन मर्यादा आहेत. प्रथम, ती खर्चिक आहे आणि तिला प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. दुसरे, दोन अनुभवी तंत्रज्ञांना एकच नोंद दिली तरी त्यांचे एकमत साधारण ८० टक्के तुकड्यांपुरतेच होते. तिसरी मर्यादा आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे : स्मृतिभ्रंशाचा रुग्ण परक्या खोलीत, अंगावर इतक्या तारा घेऊन झोपत नाही. तो तारा ओढून काढतो, घाबरतो, घरी जाऊ द्या म्हणतो. म्हणजे ज्याला चाचणीची सर्वाधिक गरज, त्याच्यावरच ती करणे सर्वाधिक कठीण.

यंत्र शिकते म्हणजे काय?

बँकेतील जुना कारकून धनादेशावरील सही पाहताक्षणी खरी-खोटी ओळखतो. कशावरून ओळखली, असे विचारल्यास त्याला सर्व नियम सांगता येत नाहीत. हजारो सह्या पाहून त्याची नजर तयार झालेली असते. यंत्राचे शिक्षण काहीसे असेच आहे. संगणकाला नियम लिहून देण्याऐवजी हजारो नमुने आणि प्रत्येक नमुन्यासोबत तज्ज्ञाने दिलेले उत्तर पुरविले जाते : हा तुकडा गाढ झोपेचा, हा जागेपणाचा, येथे श्वास थांबला. उत्तर चुकले की संगणक आपल्या अंतर्गत मोजमापांत किंचित बदल करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. अखेरीस त्याने पूर्वी न पाहिलेल्या नमुन्यांवर त्याची परीक्षा घेतात.

या परीक्षेचा एक दंडक वाचकांनी ध्यानी ठेवावा. एकाच रुग्णाच्या काही रात्री शिकविण्यासाठी आणि उरलेल्या परीक्षेसाठी वापरल्यास यंत्र झोप ओळखते आहे की तो रुग्ण ओळखते आहे, हे कळत नाही. प्रश्नपत्रिका आधी फुटल्यावर मिळालेल्या गुणांसारखे ते गुण असतात. म्हणून परीक्षेचे रुग्ण सर्वस्वी वेगळे हवेत. शक्य तर रुग्णालयही वेगळे हवे.

मनगटावरील हालचालींवरून झोप-जाग ठरविणारी सूत्रे १९९० च्या दशकातच वापरात आली होती. २०१८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी सुमारे तीन हजार निद्राचाचण्यांच्या आधारे झोपेच्या अवस्था व नार्कोलेप्सी नावाचा विकार ओळखणारी पद्धती प्रसिद्ध केली. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांच्या अभ्यासात निद्रा-प्रयोगशाळेतील साध्या कॅमेऱ्याच्या चित्रणावरून स्वप्नावस्थेतील विकार सुमारे ९२ टक्के अचूकतेने ओळखता आला. प्रगती निःसंशय मोठी आहे. प्रश्न एवढाच की, ती आपल्या रुग्णांना तशीच लागू पडते काय?

स्मृतिभ्रंशात यंत्र कोठे अडखळते

निरोगी माणसाच्या झोपेत काही ठळक खुणा असतात. मेंदूच्या लहरींमध्ये विशिष्ट आकाराचे झुबके दिसतात आणि जागेपणीच्या लहरी जलद असतात. अल्झायमरमध्ये हे झुबके कमी होतात आणि जागेपणीच्या लहरीही मंदावतात. निरोगी लोकांच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राला असा जागा माणूस झोपलेला वाटू शकतो.

हालचालींवर आधारलेल्या साधनाची अडचण याहून सोपी आहे. ते निश्चलतेला झोप समजते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र कित्येकदा उघड्या डोळ्यांनी, न हलता तासन्‌तास पडून असतो. त्याची रात्र यंत्राच्या लेखी उत्तम झालेली असते. नाडीवर आधारलेल्या साधनांना हृदयाचे अनियमित ठोके व पेसमेकर यांमुळे बाधा येते, आणि या वयात हृदयाच्या तक्रारी सर्रास असतात.

तात्पर्य, यंत्राने ज्यांच्या रात्री पाहिल्या, त्यांच्याच रात्री त्याला कळतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे नमुने शिकवणीत पुरेसे असल्याखेरीज त्याच्या निर्णयावर विसंबणे योग्य नव्हे.

इंग्लंडमधील एक आदर्श प्रयत्न

ही उणीव ओळखून काम करणारा एक गट इंग्लंडमध्ये आहे. लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि सरे विद्यापीठ यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय स्मृतिभ्रंश संशोधन संस्थेअंतर्गत 'माइंडर' ही योजना उभी केली. रुग्णाच्या स्वतःच्या घरी गादीखाली एक पातळ पट्टी, खोल्यांत हालचाल टिपणारी साधने व दारांवर संवेदक बसवितात. रुग्णाच्या अंगावर काहीही लावावे लागत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याने व श्वासाने शरीराला बसणारा सूक्ष्म हादरा गादीखालील पट्टी टिपते. त्यावरून नाडी, श्वासाची गती, श्वासातील अडथळे आणि रुग्ण पलंगावर केव्हा आला व केव्हा उठला हे समजते. संगणकाने इशारा दिल्यावर प्रशिक्षित आरोग्यसेवक तो तपासतो व कुटुंबाशी बोलतो. निर्णय यंत्राच्या हाती सोडलेला नाही.

या गटाची शिस्त आम्हांस विशेष अनुकरणीय वाटली. बाजारात मिळणारी साधने रुग्णांच्या घरी बसविल्यानंतर त्यांनी डोळे मिटून आकडे स्वीकारले नाहीत. सरे येथे ६५ ते ८३ वयोगटातील ३५ व्यक्तींवर अशी तीन साधने आणि संपूर्ण निद्राचाचणी एकाच रात्री वापरून त्यांनी तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधने झोपेचा काळ वाढवून दाखवितात, असे दिसून आले. ही तुलना स्मृतिभ्रंश नसलेल्या वृद्धांमध्ये झाली होती. तेथेच एवढा फरक पडत असेल, तर रुग्णांबाबत अधिक सावधगिरी हवी, हे उघड आहे.

सरे येथीलच याआधीच्या एका प्रकल्पातील ५६ रुग्णांच्या घरांतून मिळालेल्या एकूण २,८०३ दिवसांच्या नोंदी, ओळख पटणार नाही अशा स्वरूपात, २०२३ मध्ये जगभरातील अभ्यासकांसाठी खुल्या करण्यात आल्या. ज्ञानाचे असे दान हेही एक प्रकारचे धर्मादाय कार्यच आहे.

टक्केवारीचा हिशेब

साधने विकणारे प्रतिनिधी '९० टक्के अचूक' असे सांगतात. ताळेबंद वाचणाऱ्याने या आकड्यापुढे क्षणभर थांबावे. पुढील उदाहरणे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत.

समजा, एक निरोगी माणूस ४८० मिनिटे पलंगावर असून त्यांपैकी ४३२ मिनिटे झोपला. जे यंत्र काहीही न मोजता प्रत्येक क्षणी 'झोपला आहे' एवढेच म्हणेल, तेही ९० टक्के बरोबर ठरेल! तेच यंत्र २८८ मिनिटे झोपलेल्या रुग्णासाठी वापरल्यास ६० टक्क्यांवर येईल. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा : रुग्ण जागा असताना यंत्राने त्यांपैकी किती वेळ जागा म्हणून ओळखला?

दुसरे उदाहरण पाहू. १०० रुग्णांपैकी ५० जणांना विकार आहे आणि यंत्र विकार असलेल्या व नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांना ८० टक्के वेळा अचूक ओळखते. ते ५० जणांना पुढील चाचणीस पाठवील. त्यांपैकी ४० जणांना खरोखर विकार असेल आणि १० विकारग्रस्त निसटतील. आता विकार १०० पैकी केवळ ५ जणांनाच असेल, तर तेच यंत्र २३ जणांना पाठवील आणि त्यांत खरे रुग्ण अवघे ४ असतील. यंत्र तेच, टक्केवारी तीच. परंतु १९ कुटुंबांना विनाकारण धावपळ व खर्च. म्हणूनच श्वास थांबण्यासारख्या, या रुग्णांत वारंवार आढळणाऱ्या विकाराच्या प्राथमिक चाळणीसाठी असे साधन उपयुक्त ठरू शकते; विरळ विकाराबाबत केवळ त्याच्या भरवशावर राहता येत नाही. चाळणी आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडील घरे, आपल्याकडील रात्री

परदेशी साधन एका माणसाचा पलंग आणि ठराविक जाडीची गादी गृहीत धरते. आपल्याकडे आजोबांच्या शेजारी आजी झोपतात, नातू मध्येच येऊन झोपतो, कित्येक घरांत कापसाची गादी जमिनीवर अंथरली जाते. पट्टी नेमका कोणाचा श्वास मोजते आहे, हा प्रश्न येथे खराखुरा आहे. शिवाय वीज खंडित होणे आणि इंटरनेट नसणे हीदेखील गावाकडील वस्तुस्थिती आहे. येथील घरांत, येथील रुग्णांच्या रात्री नोंदवून त्यांवर पडताळणी केल्यावाचून असे साधन मोठ्या संख्येने खरेदी करणे म्हणजे देणगीदारांच्या पैशाचा अपव्यय होय.

संमतीचा विषयही तितकाच गंभीर आहे. गादीखालील पट्टी माणसाच्या खासगी आयुष्याची नोंद ठेवते आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तिचा अर्थ दरवेळी समजेलच असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तर त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. नोंदी कोठे साठतात, कोण पाहू शकतो आणि मागणी केल्यास त्या पुसल्या जातील काय, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाने करारावर सही करू नये.

आज करता येण्याजोगे

यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी एका शंभर पानी वहीत दोन आठवडे पुढील नोंदी ठेवून ती वही तपासणीच्या वेळी सोबत आणावी :

१. रुग्ण किती वाजता आडवा झाला, रात्री किती वेळा उठला व सकाळी केव्हा उठला.
२. घोरणे मध्येच थांबते काय? थांबल्यावर गुदमरल्यासारखा आवाज येतो काय?
३. झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे किंवा पलंगावरून पडणे; आणि ते रात्रीच्या पूर्वार्धात की पहाटेच्या सुमारास.
४. दिवसा किती वेळ डुलकी. उन्हात किंवा अंगणात किती वेळ.
५. चहा-कॉफी, लघवीसाठी उठणे, दुखण्याच्या खुणा.
६. त्या दिवशी दिलेली सर्व औषधे व त्यांची वेळ. आधीची औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

जमल्यास घोरण्याचे अथवा हालचालींचे दोन मिनिटांचे चित्रण घरातील मोबाइलवर करून आणावे. आंतररुग्ण विभागात रात्रपाळीच्या परिचारिका व मावशी यांनीही 'रुग्ण शांत झोपला' या एका वाक्याऐवजी याच रकान्यांत नोंद करणे हितावह आहे. रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या त्या मावशींनी जे पाहिले, ते टिपणारे दुसरे साधन आज वॉर्डात नाही.

या वहीचे मोल तात्कालिक नाही. यंत्राला शिकविण्यासाठी नमुन्यासोबत खरे उत्तर लागते, हे वर पाहिलेच. आपल्या रुग्णांच्या रात्री कशा गेल्या, याचे काळजीपूर्वक लिहिलेले उत्तर आपल्याखेरीज अन्य कोणी देणार नाही. उद्या एखादी संशोधन संस्था आपल्या भागात असे काम करू इच्छील, तेव्हा संमतीने ठेवलेल्या अशा नोंदी हीच आपली पुंजी ठरेल.

सारांश

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची झोप मोडणे हे आजाराचे अटळ अंग मानून सोडून देऊ नये. त्यामागे उपचार करण्याजोगे कारण असू शकते. यंत्र त्या कारणाकडे बोट दाखवू शकेल, परंतु ज्या रुग्णांसाठी ते वापरावयाचे त्यांच्याच रात्रींवर ते पारखलेले हवे, आणि त्याने दाखविलेल्या शंकेची शहानिशा वैद्यांनीच करावयास हवी. रुग्णालयांनी साधनाच्या किमतीबरोबर हे दोन प्रश्न विचारावेत, आणि कुटुंबांनी गोळी मागण्यापूर्वी वही आणावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.